तळ्याचे राखणदार

मुलांनो, तुम्ही गंगा तलाव पाहिला आहे ना? महाशिवरात्रीच्या दिवसांत आपल्या मॉरिशसमधील हजारो माणसे पायी चालत तेथे जातात. कोणाच्या खांद्यावर सजवलेली कावड असते, कोणाच्या हातात फुले असतात. तलावाचे पाणी घेऊन माणसे घरी परततात. पण हे तळे मुळात कसे तयार झाले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? फार पूर्वी तेथे ज्वालामुखी होता. तो शांत झाला. त्याच्या मुखाच्या खळग्यात पावसाचे पाणी साचले आणि तळे तयार झाले.

असेच, पण याहून कितीतरी मोठे तळे न्यूझीलंड देशात आहे. त्याचे नाव टाउपो सरोवर. आज आपण त्या तळ्याची गोष्ट वाचणार आहोत. या गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही. यात गाई आहेत, शेतकरी आहेत, दोरीला बांधलेली एक तबकडी आहे आणि पाण्याची राखण करणारी माणसे आहेत.

न्यूझीलंड हा देश आपल्यापासून खूप दूर, पॅसिफिक महासागरात आहे. त्याची दोन मोठी बेटे आहेत. एकाला उत्तर बेट म्हणतात आणि दुसऱ्याला दक्षिण बेट. टाउपो सरोवर उत्तर बेटाच्या मध्यभागी आहे. सुमारे 25,500 वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीचा फार मोठा स्फोट झाला. जमीन खचली आणि विस्तीर्ण खळगा तयार झाला. त्या खळग्यात हे सरोवर साठले आहे. त्याचे क्षेत्रफळ 616 चौरस किलोमीटर आहे. हे किती मोठे, हे कसे कळावे? आपल्या मॉरिशस बेटाचे तीन सारखे भाग करा. त्यांतील एका भागाएवढे ते एकच तळे आहे! सर्वांत खोल जागी त्याची खोली 186 मीटर आहे. एकावर एक साठ मजले चढवले, तरी ते तेथे पाण्यात बुडून जातील.

आजूबाजूच्या डोंगरांतून अनेक नद्या आणि ओढे टाउपोत येऊन मिळतात. बाहेर मात्र एकच नदी पडते. तिचे नाव वायकाटो. ती 425 किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते. न्यूझीलंडमधील ही सर्वांत लांब नदी. तिच्यावर आठ धरणे आहेत आणि तेथे वीज तयार होते. वाटेतील हॅमिल्टन शहर तिचे पाणी पिते. ऑकलंड हे त्या देशातील सर्वांत मोठे शहर. तेथील लोकांनाही काही पाणी याच नदीतून मिळते. म्हणजे बघा, तळे एका ठिकाणी आहे, पण त्याच्या पाण्यावर दूरदूरच्या लाखो माणसांचे जीवन अवलंबून आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. टाउपोच्या परिसरात त्यांच्यातील न्गाती तुफारेतोआ हे लोक शेकडो वर्षांपासून राहत आहेत. तळे हा त्यांचा मोठा ठेवा आहे. माओरी भाषेत एक शब्द आहे, 'काइतिआकी'. काइतिआकी म्हणजे सांभाळ करणारा, राखण करणारा. हा शब्द ऐकून आपल्याला आपलाच एक शब्द आठवतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून मॉरिशसला आले. कोकणात गावाची, शेताची, पाण्याची राखण करणाऱ्याला 'राखणदार' म्हणतात. दोन देश किती दूर, दोन भाषा किती वेगळ्या, पण विचार कसा सारखा!

आता पुढे ऐका. टाउपोचे पाणी अतिशय स्वच्छ, निळेशार. मग त्याला राखणदारांची गरज का बरे पडली?

त्याचे कारण तळ्यात नव्हते, तळ्याभोवतीच्या जमिनीत होते. ही जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि प्यूमिस नावाच्या दगडाची आहे. प्यूमिस हा फार हलका दगड असतो. त्याला इतकी छिद्रे असतात, की तो पाण्यावर तरंगतो. या भागातील जमिनीवर जनावरे पाळली, की ती अशक्त होत आणि मरत. लोक म्हणत, "ही जमीन काही कामाची नाही." पुढे 1930 नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. त्या मातीत कोबाल्ट नावाच्या धातूचा अंश फारच कमी होता. जनावरांच्या आरोग्यासाठी तो लागतो, अगदी चिमूटभर, पण लागतोच. मातीत तो घालताच जनावरे धडधाकट राहू लागली. मग लोकांनी झाडीझुडपे काढून गवताची हिरवी कुरणे तयार केली. मेंढ्या आल्या, गाई आल्या. दूध, मांस आणि लोकर विकून शेकडो कुटुंबे सुखाने राहू लागली. यात कोणी वाईट काम केले होते का? मुळीच नाही. शेतकरी कष्ट करत होते आणि देशाला अन्न पुरवत होते.

परंतु झाडी गेल्यावर पाऊस उघड्या उतारांवर कोसळू लागला. माती ओढ्यांत वाहून जाऊ लागली. 1970 च्या दशकात लोकांनी यावर उपाय केला. ओढ्यांच्या काठांवर कुंपणे घातली. गाई-मेंढ्यांना काठापासून दूर ठेवले आणि तेथे झाडे लावली. झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली. ओढे पुन्हा स्वच्छ दिसू लागले. सर्वांना वाटले, काम झाले.

पण एक गोष्ट कुंपणाने अडत नव्हती. ती डोळ्यांना दिसतही नव्हती. कोणती ती?

घरी चहा गाळताना तुम्ही पाहिले असेल. गाळणीत चहाची पत्ती अडते, पण साखर काही अडत नाही. ती पाण्यात विरघळलेली असते, म्हणून सरळ कपात उतरते. जमिनीचेही तसेच आहे. काठावरची झाडे आणि गवत मातीला अडवतात. पाण्यात विरघळलेली वस्तू मात्र खोल मातीतून खाली उतरून जाते.

गाय दिवसभर गवत खाते. त्या गवतातील नत्र, म्हणजे नायट्रोजन, तिच्या पोटात जातो. त्यातील पुष्कळसा तिच्या मुतावाटे बाहेर पडतो. हसू नका! तळ्याच्या गोष्टीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, बरे का. नत्र हे झाडांचे अन्न आहे, त्यामुळे तो वाईट पदार्थ नाही. पण गाय जेथे मुतते, तेथे हातभर जागेत एकदम खूप नत्र पडतो. तेथील इवल्याशा गवताला तो सगळा खाता येत नाही. उरलेला नत्र पावसाच्या पाण्यात विरघळतो आणि छिद्रे असलेल्या जमिनीतून खाली, आणखी खाली जातो. शेवटी जमिनीखालच्या पाण्याबरोबर तो तळ्यात पोहोचतो.

तळ्यात तो गेला, की काय होते? पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ असते. टाउपोच्या पाण्यात नत्र फार थोडा होता, म्हणून शेवाळही थोडेच वाढत असे. तळे स्वच्छ राहण्याचे रहस्य हेच होते. शेवाळाला जास्त अन्न मिळाले, तर ते भराभर वाढते. मग निळे पाणी हिरवट, गढूळ दिसू लागते.

आणि यातील सर्वांत अवघड गोष्ट ऐका. जमिनीखालचे पाणी फार सावकाश चालते. काही ओढ्यांत आज येणारे पाणी अनेक दशके जमिनीखाली राहून आलेले असते. म्हणजे आजोबांच्या तरुणपणी शेतावर पडलेला पाऊस नातवाच्या काळात तळ्यात येतो! तळ्यात आलेले पाणीही लगेच बाहेर जात नाही. ते सरासरी दहा-अकरा वर्षे तेथेच राहते. पाणी हिरवे झालेले दिसल्यावर जागे व्हायचे असे ठरवले, तर फार उशीर झालेला असणार. कारण तोपर्यंत कितीतरी नत्र जमिनीखाली वाटेत असणार. त्याला परत कोण बोलावणार?

मग हे संकट आधीच कोणाला कळले? ते कळले मोजमाप करणाऱ्या माणसांना.

न्यूझीलंडमध्ये 1989 साली राज्यकारभारात मोठा बदल झाला. देशाचे प्रदेश नव्याने आखले गेले आणि तेथे प्रादेशिक परिषदा स्थापन झाल्या. प्रदेशांच्या सीमा आखताना एक छान गोष्ट केली गेली. त्या बहुतेक ठिकाणी नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखल्या गेल्या. पाणलोट म्हणजे काय? ज्या सगळ्या जमिनीवरचे पाणी वाहत वाहत एकाच नदीला किंवा तळ्याला मिळते, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचे किंवा तळ्याचे पाणलोट क्षेत्र. असे का केले? पाण्याला गावाची हद्द समजत नाही. डोंगरावरचा शेतकरी एका कारभाराखाली आणि खालची नदी दुसऱ्या कारभाराखाली असेल, तर नदीची काळजी कोण घेणार? 1991 साली तेथे माती, पाणी आणि हवा यांच्या संरक्षणाचा एक मोठा कायदा झाला. नदी, तळी, समुद्रकिनारा आणि माती यांच्यावर लक्ष ठेवणे, त्यांची मोजमापे घेणे आणि त्यांच्यासाठी नियम करणे, ही कामे या परिषदांकडे आली. टाउपो सरोवर वायकाटो प्रादेशिक परिषदेच्या प्रदेशात येते.

मोजमाप कसे घेतात, ते पाहू. शास्त्रज्ञ नावेत बसून तळ्याच्या मध्यावर जातात. त्यांच्याजवळ एक गोल तबकडी असते. तिचे दोन भाग पांढरे आणि दोन भाग काळे असतात. तबकडीला मापाच्या खुणा असलेली दोरी बांधलेली असते. नावेच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू पाण्यात सोडतात. खाली, खाली, आणखी खाली. एका क्षणी ती दिसेनाशी होते. तेव्हा दोरीवरची खूण पाहतात. मग ती हळूहळू वर ओढतात. ती पुन्हा दिसू लागली, की दुसरी खूण पाहतात. या दोहोंची सरासरी म्हणजे पाण्याच्या स्वच्छतेचे माप. या तबकडीला सेक्की तबकडी म्हणतात. आंजेलो सेक्की नावाच्या इटलीतील शास्त्रज्ञाने 1865 साली समुद्रात असा प्रयोग केला. तेव्हापासून ही साधी युक्ती जगभर वापरली जाते. टाउपोच्या पाण्यात 2001 च्या सुमारास तबकडी सरासरी साडेचौदा मीटर खोलीपर्यंत दिसत असे. चार मजली इमारतीच्या उंचीपेक्षाही हे अंतर जास्त आहे!

एवढ्यावर काम संपत नाही. वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेतात. त्यात नत्र किती, शेवाळ किती, प्राणवायू किती, हे तपासतात. तळ्याला मिळणारे ओढे आणि जमिनीखालचे पाणी यांचीही तपासणी होते. सगळे आकडे तारखेसह लिहून ठेवतात.

एका दिवसाच्या मापाने फारसे काही कळत नाही. तुमची आई भिंतीवर रेघ मारून तुमची उंची मोजते ना? एकाच रेघेवरून तुम्ही वाढता आहात की नाही, हे सांगता येईल का? नाही. दर वर्षी रेघ मारली, की ते स्पष्ट दिसते. तळ्याचेही तसेच. वर्षानुवर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले, तेव्हा शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की कुरणांतून येणाऱ्या ओढ्यांत नत्र वाढत आहे. तळे अजून निळेच दिसत होते. पण आकडे सांगत होते, "सावध व्हा!"

मग परिषदेने एक नियम सुचवला. साल होते 2005. नियम असा होता: प्रत्येक शेतातून तळ्याकडे जाणारा नत्र मोजायचा. तो डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून जनावरे किती, खत किती, पाऊस किती, यावरून हिशेब करायचा. 2001 ते 2005 या काळात ज्या वर्षी त्या शेतातून सर्वांत जास्त नत्र गेला असेल, तो आकडा म्हणजे त्या शेताची मर्यादा. यापुढे तिच्या वर जायचे नाही.

समजा, एका शेतकऱ्याचा आकडा 1000 किलो निघाला. त्याला आणखी गाई पाळायच्या असतील, तर त्याने काय करायचे? दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या गाई कमी केल्या, तर त्याचा उरलेला वाटा पहिल्या शेतकऱ्याने विकत घ्यायचा. एकाचा वाटा वाढला, की दुसऱ्याचा तेवढाच कमी झाला. म्हणजे सर्व शेतांची मिळून बेरीज वाढणार नाही.

नियम ऐकून अनेक शेतकरी काळजीत पडले. जनावरे वाढवता आली नाहीत, तर मुलांची शिक्षणे कशी होणार? कर्ज कसे फिटणार? माओरी जमीनमालकांचा प्रश्न तर आणखी वेगळा होता. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या जमिनीवर झाडी तशीच राखली होती. त्यांच्या जमिनीतून तळ्यात नत्र अगदी थोडा जात होता. म्हणून नियमाप्रमाणे त्यांची मर्यादाही अगदी थोडी! ज्यांनी झाडी तोडली, त्यांना जास्त वाटा आणि ज्यांनी झाडी राखली, त्यांना कमी. हा न्याय झाला का? तुम्हांला काय वाटते?

हा प्रश्न सोपा नव्हता. म्हणूनच तो घाईने सोडवला गेला नाही. परिषदेने लोकांची म्हणणी ऐकली. प्रकरण पर्यावरणाच्या खास न्यायालयातही गेले. तेथे शेतकरी बोलले, जमीनमालक बोलले, शास्त्रज्ञ बोलले. काही बदल होऊन शेवटी 2011 साली नियम पक्का झाला. सर्वांचे पूर्ण समाधान झाले, असे नाही. पण नियम करण्यापूर्वी ज्यांच्यावर तो लागू होणार, त्यांचे ऐकून घेतले पाहिजे, ही गोष्ट तेथे पाळली गेली.

नत्र वाढू द्यायचा नाही, एवढ्याने भागणार नव्हते. तो कमीही करायला हवा होता. पण त्याचा सगळा भार थोड्या शेतकऱ्यांवरच का टाकावा? तळे तर सर्वांचे आहे. म्हणून देशाचे सरकार, प्रादेशिक परिषद आणि टाउपो जिल्हा परिषद या तिघांनी मिळून सुमारे 8 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी उभारला. तो सांभाळण्यासाठी 2007 साली एक विश्वस्त मंडळ नेमले. मंडळाने काही शेते विकत घेतली. काही शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांचा नत्राचा वाटा कायमचा कमी करून घेतला. अनेक कुरणांवर पाइनची झाडे लावली गेली. झाडांखालून तळ्याकडे नत्र फार कमी जातो. 2015 पर्यंत दर वर्षी 170 टन, म्हणजे 1,70,000 किलो नत्र कमी होईल, असे करार पूर्ण झाले. माणसांमुळे तळ्याकडे जाणाऱ्या नत्राचा हा सुमारे पाचवा भाग होता. शेतकऱ्यांबरोबर गावांनीही आपले काम केले. काठावरच्या वस्त्यांतील सांडपाणी अधिक चांगले शुद्ध करण्याची व्यवस्था झाली.

मग तळे लगेच पूर्वीसारखे झाले का? नाही. आठवते ना, जमिनीखालचे पाणी किती सावकाश चालते ते? पूर्वीचा नत्र अजून वाटेत आहे. तो अनेक वर्षे येतच राहणार. म्हणून नियमात ध्येय ठेवले आहे ते 2080 सालाचे. 2080 साली तळ्याचे पाणी 2001 साली होते तसे असावे, असे ठरले आहे.

2080! तेव्हा तुमचे केस पांढरे झालेले असतील. तुमची नातवंडे तुमच्याभोवती बसलेली असतील. ज्यांनी हा नियम केला, ज्यांनी आपल्या गाई कमी केल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो दिवस दिसणार नाही. तरीही त्यांनी ते केले. आपल्याकडे म्हणतात, आजोबा आंब्याचे रोप लावतो आणि फळे नातवंडे खातात. आजोबाला हे ठाऊक असते. तरीही तो रोज रोपाला पाणी घालतो.

मुलांनो, आता आपल्या घराकडे वळू या. आपल्या मॉरिशसमध्ये टाउपोएवढे तळे नाही. पण आपल्याकडे नद्या आहेत, ओहोळ आहेत. उसाच्या शेतांखालून झिरपणारे पाणी आहे. आपण पितो त्या पाण्याचा मोठा भाग जमिनीखालून येतो. आपले बेटही ज्वालामुखीपासून झाले आहे. शेतात प्रमाणाबाहेर खत घातले, तर ते पावसाबरोबर कोठे जाईल? गटारात साबणाचे पाणी, तेल आणि प्लॅस्टिक टाकले, तर ते कोठे जाईल? ओहोळातून नदीत, नदीतून किनाऱ्यावरच्या उथळ समुद्रात आणि तेथील प्रवाळांवर. आपल्या देशाचे पाणलोट लहान आहे. येथे पाण्याला डोंगरावरून समुद्रापर्यंत जायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडेही नियम आहेत. मॉरिशसमध्ये 1983 सालचा वनांचा एक कायदा आहे. त्याप्रमाणे मोठ्या नदीच्या काठापासून 16 मीटर, लहान नदीच्या काठापासून 8 मीटर आणि छोट्या ओहोळाच्या काठापासून 3 मीटर जमीन राखीव असते. तेथील झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. सोळा मीटर म्हणजे किती? तुमच्या वर्गातून बाहेर या आणि मोठी मोठी सोळा पावले टाका. साधारण तेवढी जागा नदीची आहे, असे समजा. ती झाडी नदीचे कुंपण आहे.

गणेश चतुर्थीला आपण वाजतगाजत गणपती घेऊन नदीवर किंवा समुद्रावर जातो. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. तेव्हा मूर्ती मातीची असावी आणि रंग पाण्याला अपाय न करणारे असावेत. फुलांबरोबरची प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात जाऊ नये. बाप्पाला पुढच्या वर्षी बोलवायचे, तर नदीही पुढच्या वर्षी स्वच्छ असायला नको का?

टाउपोचे राखणदार कोण, असे कोणी विचारले, तर तुम्ही काय सांगाल? तबकडी पाण्यात सोडणारे शास्त्रज्ञ? नियम करणारी परिषद? तळ्याला ठेवा मानणारे माओरी लोक? गाई कमी करणारे शेतकरी? की कर भरून निधीला हातभार लावणारी दूरच्या शहरांतील माणसे? खरे म्हणजे हे सगळेच. एकट्या राखणदाराने एवढे मोठे तळे राखले जात नाही. आपली नदीही एकट्यादुकट्याने राखली जाणार नाही. पण प्रत्येकाने आपला वाटा उचलला, तर ती राखली जाईल. त्यात एक वाटा तुमचाही आहे.

शब्दार्थ

राखणदार – सांभाळ करणारा, पहारा ठेवणारा
खळगा – खोलगट जागा
ठेवा – जपून ठेवलेली मौल्यवान वस्तू
कुरण – जनावरांसाठी राखलेली गवताची जमीन
पाणलोट क्षेत्र – ज्या जमिनीवरचे पाणी एकाच नदीला किंवा तळ्याला मिळते ती जमीन
नत्र – नायट्रोजन. झाडांचे एक अन्न
शेवाळ – पाण्यात वाढणारी बारीक वनस्पती
मर्यादा – ठरवलेली हद्द
निधी – एखाद्या कामासाठी गोळा केलेला पैसा
प्रवाळ – उथळ समुद्रात वाढणारे बारीक जीव आणि त्यांची कठीण घरे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टाउपो सरोवर कोणत्या देशात आहे?
(आ) टाउपोतून कोणती नदी बाहेर पडते?
(इ) 'काइतिआकी' या माओरी शब्दाचा अर्थ काय?
(ई) मातीत कोणत्या धातूचा अंश कमी असल्यामुळे जनावरे अशक्त होत?
(उ) टाउपोचे पाणी पूर्वीसारखे करण्यासाठी कोणते साल ठरवले आहे?

२. गाळलेल्या जागा भरा.
(अ) प्यूमिस हा दगड पाण्यावर ______.
(आ) पाण्याची स्वच्छता मोजण्याच्या तबकडीला ______ तबकडी म्हणतात.
(इ) मॉरिशसमध्ये मोठ्या नदीच्या काठापासून ______ मीटर जमीन राखीव असते.

३. कारणे सांगा.
(अ) ओढ्यांच्या काठांवर कुंपणे घातली, तरी नत्र तळ्यात जातच राहिला.
(आ) पाणी हिरवे दिसेपर्यंत थांबून चालत नाही.
(इ) एका दिवसाच्या मापाने तळ्याची स्थिती कळत नाही.

४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सेक्की तबकडीने पाण्याची स्वच्छता कशी मोजतात?
(आ) शेतकऱ्यांसाठी कोणता नियम केला गेला?
(इ) नियम ऐकून लोकांना कोणत्या काळज्या वाटल्या?

५. वर्गात चर्चा करा.
ज्यांनी झाडी राखली, त्यांना नत्राचा वाटा कमी मिळाला. तुम्ही परिषदेत असता, तर हा प्रश्न कसा सोडवला असता? दोन्ही बाजूंनी विचार करून बोला.

६. वाक्यांत उपयोग करा.
ध्यानात येणे, हातभार लावणे, सावध होणे, वाटा उचलणे

७. करून पहा.
(अ) प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीचा तळ मोठ्या माणसाकडून कापून घ्या. बाटली उलटी धरून तोंडात कापसाचा बोळा बसवा आणि तिच्यात वाळू भरा. वाळूवर चमचाभर माती आणि चमचाभर मीठ टाका. वरून हळूहळू पाणी ओता. खाली पडणारे पाणी पेल्यात धरा. माती कोठे राहिली? मीठ कोठे गेले असेल? पेल्यातील पाणी काही वेळ उन्हात ठेवून सुकू द्या. तळाशी काय दिसते?
(आ) पांढऱ्या झाकणाचे चार सारखे भाग करून दोन समोरासमोरचे भाग काळे रंगवा. त्याला दोरी आणि वजन बांधा. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन तबकडी दिसते का, ते पहा. मग थोडे थोडे दूध घाला आणि तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते, ते लिहून ठेवा.
(इ) शिक्षकांबरोबर जवळच्या नदीवर जा. काठावर झाडे आहेत का? पाण्याचा रंग कसा आहे? कचरा दिसतो का? तारीख घालून वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी जा आणि दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवून पहा.